मार्तंडरावांची जीभ

नांदेडात वजिराबादेला इंग्रजी औषधांचं दुकान चालवणाऱ्या मार्तंडरावांची जीभ साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होती. बोलण्यासाठी नव्हे, बोलायला ते तसे बेताचेच. पण रमचा घोट तोंडात घोळवून, थुंकून टाकून, ही कुठल्या मुलखातली आणि पिंपात साधारण किती वर्षं मुरलेली, हे ते डोळे बांधून सांगत, आणि सांगितलेलं बहुतेक बरोबर निघे.

ही विद्या सिकंदराबादेची. वडील अकाली गेले तेव्हा शिक्षण अर्ध्यावर टाकून ते तिकडे गेले आणि छावणीच्या बाजारात एका पारशी शेठकडे कारकून म्हणून लागले. दुकान दारूचं होतं. आईला त्यांनी औषधांचं म्हणून कळवलं. गोऱ्या पलटणींसाठी मुंबईहून रमची पिंपं यायची, आणि मधले दलाल जमैकाच्या नावावर मॉरिशसचा हलका माल गळ्यात मारायचे. शेठला वयामुळे भरवशाचं दुसरं तोंड हवं होतं. तो या पोराला डोळ्यांवर रुमाल बांधून बसवी आणि एकेक पेला पुढे करी. जमैकाच्या रमला पोत्यात विसरून राहिलेल्या केळ्यांचा वास येतो, डेमेराराची रम पाकाची कढई करपल्यासारखी लागते, शहाजहानपूरचा देशी माल नाकात सुईसारखा शिरतो, हे सगळं तिथं पक्कं झालं. गिळायचं मात्र नाही. गिळलं की माणूस मालाच्या बाजूनं बोलायला लागतो, असं शेठ म्हणे.

पुढे लातूरच्या सासऱ्यांनी मुलगी देताना अट घातली, ती नोकरी सोडायची. मार्तंडरावांनी सोडली, आणि आईला सांगितलेलं खोटं निस्तरावं तसं नांदेडला औषधांचंच दुकान टाकलं. जीभ तशीच पडून राहिली असती. पण स्टेशनाजवळच्या बंगल्यात रेल्वेचे एक इंजिनियर साहेब राहायला आले. गोरा माणूस, एकटा, रमचा शौकीन. दुकानात खोकल्याचं औषध घ्यायला आलेला असताना बोलता बोलता त्याला मार्तंडरावांची पूर्वकथा कळली आणि पुढच्याच शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, त्यानं त्यांना बोलावून घेतलं. टेबलावर पाच पेले मांडले, डोळे बांधले. मार्तंडरावांनी पाचही ओळखले.

तेव्हापासून थंडीच्या दिवसांत दर महिन्या-दोन महिन्यांनी हा खेळ व्हायला लागला. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येत, एखादे वकील येत, दारूवर देखरेख ठेवणाऱ्या आबकारी खात्याचे मोठे अंमलदार, मोहतमीम साहेबही जुम्म्याची नमाज आटोपून येत. मोहतमीम साहेब स्वतः दारूला शिवत नसत. सरबताचा पेला हातात धरून ते फक्त मार्तंडरावांच्या तोंडाकडे बघत बसत. एकदा डॉक्टरांनी गंमत म्हणून दोन रम एकात मिसळून दिल्या. मार्तंडरावांनी घोट थुंकला आणि दोन्ही मुलखांची नावं सांगितली. टाळ्या वाजल्या. दुकानात गोळ्या मोजून देणाऱ्या माणसाला आयुष्यात टाळ्या मिळतात त्या कुठे? त्यांना त्या आवडल्या, आणि आवडतात हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

घरी परतल्यावर त्यांना मागच्या दारानं यावं लागे आणि अंघोळीशिवाय स्वयंपाकघराकडे फिरकता येत नसे. इंदूबाईंनी, त्यांच्या पत्नीनं, एवढा दंडक घातला होता. बाकी त्या काही बोलत नसत. एकदाच त्यांनी विचारलं होतं की त्यात असं कळतं तरी काय. माती कुठली, लाकूड कुठलं, आच किती दिली, सगळं त्यात राहतं, असं मार्तंडरावांनी सांगितलं.

"मग लोणच्याचं तसंच की," इंदूबाई म्हणाल्या. "कुणाच्या हातचं हे बरणी उघडल्याबरोबर कळतं मला."

मार्तंडराव हसले आणि तो विषय तिथंच राहिला.

इंदूबाईंचा धाकटा भाऊ शरदचंद्र लातूरला गंजात, तिथल्या मोठ्या बाजारपेठेत, गुळाची आडत चालवी. चलाख, गोड बोलणारा, बहिणीवर जीव असलेला. मार्तंडराव सासुरवाडीला गेले की हा जेवणानंतर पान लावून द्यायचा आणि सिकंदराबादच्या गोष्टी सांगायला लावायचा. मळी कशी आंबवतात, पहिली धार का फेकतात, पिंपाला आतून आच का देतात. मार्तंडरावांना ऐकणारा मिळाला की हुरूप येई. आपण गोष्टी सांगतोय असं त्यांना वाटत होतं; ऐकणारा शिकत होता.

एका थंडीत शरदचंद्रानं त्यांना मांजरा नदीच्या काठी असलेल्या शेतात नेलं. गुऱ्हाळामागच्या कोठीत सागवानी पिंपं ओळीनं मांडलेली होती. आधी हौस म्हणून त्यानं गुळाची दारू गाळून पिंपात मुरत ठेवली होती. मग जर्मनीशी लढाई जुंपली, परदेशी माल यायचा बंद झाला, आणि हौसेचा धंदा झाला. बाटल्यांवर जमैकाची छापील चिठ्ठी लागत होती आणि माल हैदराबादला जात होता. त्यानं एक पेला भरून पुढे केला.

मार्तंडरावांनी चाखलं आणि क्षणभर त्यांना कौतुकच वाटलं. माल चांगला उतरला होता. पण गुऱ्हाळात रस निवळायला भेंडीची झाडं ठेचून घालतात, तो हिरवट चिकट वास गुळातून दारूत आणि दारूतून पिंपात आला होता. जगात दुसऱ्या कुठल्याही रमला तो वास नव्हता. त्यांनी तसं सांगितलं आणि म्हणाले की हे बंद कर, सरकारला कळलं तर कैद होईल, शेत जप्त होईल. आणि बंद करणार नसलास तर निदान हिला जमैका म्हणू नकोस, ही लातूरची आहे.

"लातूरची म्हटलं तर घेणार कोण, दाजी?" शरदचंद्र म्हणाला. "आणि तुमच्यावाचून कळणार कुणाला?"

हे शेवटचं वाक्य त्यांना लागलं. कायदा मोडला याचं त्यांना फारसं काही नव्हतं. निजामाच्या राज्यात घरोघर काही ना काही मोडलं जात होतं. पण ज्या खोटेपणाला पकडण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, तोच खोटेपणा त्यांच्याच तोंडून शिकून मेव्हणा करत होता.

पुढच्या श्रावणात मार्तंडरावांना मुदतीचा ताप आला. वाचतात की नाही अशी वेळ होती. वाचले, हिंडूफिरू लागले, दुकानात बसू लागले, पण एके दिवशी कार्बोलिकची बाटली त्यांच्या हातून फुटली आणि गिऱ्हाइकानं नाकाला उपरणं लावलं तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच वास येत नाही. त्यांनी कापूर हुंगला, टर्पेंटाइन हुंगलं. काही नाही. जिभेला गोड, खारट, कडू, तिखट कळत होतं. त्यापलीकडचं सगळं गेलं होतं. डॉक्टरांना विचारावं तर ते शुक्रवारच्या बैठकीतले. घरातही त्यांनी सांगितलं नाही. येईल परत, असं ते स्वतःला समजावत राहिले.

दसऱ्यानंतर बंगल्यावर पहिली बैठक झाली. आजारी म्हणून टाळता आली असती. पण इंजिनियर साहेबाला पेले नेहमी त्याच क्रमानं मांडायची सवय होती, आणि ती सवय मार्तंडरावांना माहीत होती. त्यांनी घोट घोळवले, नेहमीइतका वेळ घेतला आणि क्रमानं नावं सांगितली. टाळ्या पडल्या. घरी जाताना त्यांना शरम वाटली, पण ती वाटेतच थोडी थोडी उतरत गेली.

दिवाळी झाली आणि नांदेड स्टेशनवर एक पेटी पकडली गेली. आत जमैकाच्या चिठ्ठ्यांच्या बाटल्या. पेटी लातूरच्या लॉरीनं आली होती एवढंच कळलं. पाठवणाऱ्याचं नाव खोटं होतं. मोहतमीम साहेबांना गंजातल्या आडत्यांचा संशय होता आणि त्यात शरदचंद्राचं नाव पहिलं होतं. पण माल इथलाच आहे हे सिद्ध झाल्याशिवाय कुणाच्या शेतात पाऊल टाकता येत नव्हतं. हैदराबादेहून तपासून आलं ते एवढंच की दारू आहे आणि कडक आहे. तेव्हा मोहतमीम साहेब स्वतः दुकानात आले. त्यांना नातं माहीत होतं. तरीही ते म्हणाले, या पूर्ण इलाक्यात ही पारख करणारा दुसरा माणूस नाही, आणि तुमच्या इमानावर माझा भरोसा आहे. येत्या शुक्रवारी बंगल्यावर पाच पेले मांडले जातील, त्यातला एक जप्त मालाचा असेल. डॉक्टर आणि वकील साक्षीला असतील. तुम्ही सांगाल ते मी वर लिहून पाठवीन.

मार्तंडरावांनी मान डोलावली. 'मला वास येत नाही' हे चार शब्द तेव्हाच बोलून टाकायला हवे होते. ते ओठांपर्यंतही आले नाहीत.

खबर लातूरला पोचली तसा शरदचंद्र गुरुवारी सकाळीच नांदेडला येऊन थडकला. पिंपं उचलून न्यायला अवधी नव्हता, गंजावर पाळत होती. तो बहिणीपाशी रडला. मग बैठकीच्या खोलीत मार्तंडरावांपाशी येऊन म्हणाला की दाजी, तुम्ही आजारी पडा, नाहीतर जमैका म्हणा. एका शब्दाचं काम आहे.

मार्तंडरावांना त्याची कीव आली नाही असं नाही. पण आजारी पडलं तर लोक म्हणणार की मेव्हण्यासाठी पडले, किंवा म्हणणार की जीभ गेली. यांतलं दुसरं खरं होतं आणि तेच त्यांना सहन होणारं नव्हतं. शिवाय गेल्या काही दिवसांत एक-दोनदा त्यांना उदबत्तीचा वास आल्याचा भास झाला होता. दुसरं काही नाही तरी तो भेंडीचा वास आपल्याला सापडेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. तो सापडला की आपण अजून आपणच आहोत.

"जिभेला जे कळेल ते मी सांगणार," ते म्हणाले. "त्यात नातं आणू नये कुणी."

इंदूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, "शरद, जेवून घे. ते म्हणायलेत ते बरोबर आहे. जाऊ दे त्यांना."

शरदचंद्र बहिणीकडे बघतच राहिला. मार्तंडरावांनाही नवल वाटलं. बायको आपल्या बाजूनं उभी राहिली याचं त्यांना बरं वाटलं, आणि तिला काय वाटत असेल हे विचारायचं त्यांना सुचलं नाही.

शुक्रवारी चारच्या सुमाराला ते बंगल्यावर पोचले. या खेपेला पेले मोहतमीम साहेबांनी स्वतः मांडले होते आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी ठेवली होती. इंजिनियर साहेबानं लढाईच्या आधी मुंबईहून आणलेली डेमेराराची जुनी बाटली सगळ्यांसमोर लाख फोडून उघडली होती. तिचाही एक पेला त्यात होता. डॉक्टरांनी रुमाल बांधला. हातात पहिला पेला आला.

मार्तंडरावांनी घोट घेतला. गरम लागलं, थोडं गोड लागलं. त्यांनी तो जिभेवर फिरवला, गालात धरला, नाकानं श्वास सोडला. जिथं केळी असायची, कढई असायची, लाकूड असायचं, तिथं काही नव्हतं. बंद घराच्या दारावर थाप मारावी आणि आतून काही हलू नये, तसं. त्यांनी थुंकून टाकलं आणि मॉरिशस म्हणाले. दुसरा पेला पहिल्यापेक्षा अंगानं जड लागला. तो त्यांनी नेहमीपेक्षा जास्त घोळवून थुंकला. मग म्हणाले, "ही जमैकाची. अस्सल. दहा-बारा वर्षं मुरलेली."

तिसऱ्या पेल्याला गोडी जास्त होती, गुळासारखी. मागे थोडी कडवट चिकटी राहिली. त्यांनी पुन्हा घोट घेतला. हीच ती चिकटी, हीच ती भेंडी, असं त्यांना वाटलं. वाटावं म्हणून ते किती आसुसले होते ते त्यांना त्या घटकेला कळत नव्हतं. मांजरेकाठची ती कोठी डोळ्यांपुढे आली, मेव्हण्याचा हसरा चेहरा आला, आणि त्या चेहऱ्यासकट ते बोलले.

"हा तिसरा. हा आपल्याच मुलखातला आहे. गुळाचा. लातूरकडच्या गुळाचा."

राहिलेले दोन पेले चाखायची वेळच आली नाही. मोहतमीम साहेबांनी तिसऱ्या पेल्याखालची चिठ्ठी काढून वकिलांच्या हाती दिली आणि वकिलांनी ती वाचली. तिसरा पेला सगळ्यांसमोर उघडलेल्या डेमेराराच्या बाटलीतला होता. अस्सल जमैका ठरलेला दुसरा पेला जप्त पेटीतला होता.

इंजिनियर साहेब मोठ्यानं हसला. मार्तंडरावांनी रुमाल सोडला तेव्हा मोहतमीम साहेब त्यांच्याकडेच बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता. ज्याच्या शब्दावर खटला उभा करायचा, त्यानंच लातूरचं नाव भलत्या पेल्यावर घेतलं होतं. आता ते नाव कागदावर लिहिलं तर हैदराबादेत हसूच झालं असतं. पंचनाम्यावर सह्या झाल्या. पेटी सरकारजमा राहिली, गुन्हा कुणावरच लागला नाही.

मार्तंडराव मागच्या दारानं घरात शिरले तर बातमी त्यांच्याआधी पोचली होती. शरदचंद्रानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं ते उचलेच ना. सख्ख्या भावानं केलं नसतं ते तुम्ही केलं, स्वतःचं नाव धुळीला मिळवून माझं घर राखलं, असं तो म्हणत होता. मार्तंडरावांनी त्याला उठवलं आणि सरळ सांगितलं, मी तुझंच नाव घ्यायला गेलो होतो, मला ओळखू आलं नाही. शरदचंद्र डोळे पुसत हसला. आता घरात तरी ते कशाला, असं म्हणाला आणि परत वाकला.

दुसऱ्या दिवशी तो लातूरला गेल्यावर घर शांत झालं. इंदूबाई वाती वळत बसल्या होत्या. मार्तंडराव समोर येऊन बसले आणि पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं की तापापासून आपल्याला वास येत नाही.

"मला ठाऊक आहे," इंदूबाई म्हणाल्या. हातातली वात त्यांनी पुरी केली. "दूध करपलं ते तुम्ही निमूट प्यालात. मग मी एकदा हिंगाशिवाय फोडणी दिली, एकदा खवट तूप वाढलं. तुम्ही भात मागून घेतलात."

"मग थांबवलं का नाही मला?"

"थांबवलं असतं तर साहेबांना संशय आला असता. गेल्यानं काही बिघडणार नव्हतं. तुम्हाला कळणारच नव्हतं."

मेव्हण्यासाठी मुद्दाम चुकले म्हणत सगळं गाव जिला मार्तंडरावांची अक्कल समजत होतं ती इथं वाती वळत बसली होती. मग त्यांनी विचारलं, ते विचारलं नसतं तर बरं झालं असतं. "अन् मला कळत असतं तर?"

"कळत असतं तर तुम्ही शरदचं नाव घेतलं असतं," इंदूबाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "घेतलंतही. पेला चुकला, नाव नाही चुकलं. ते मला ऐकू आलं."

त्या उठून देवघरात गेल्या. हा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही. जेवायला वाढताना, पाणी देताना, दुखण्याखुपण्यात त्यांच्यात काही कमी आलं नाही. फक्त लातूरहून भावाचं पत्र आलं की पूर्वी त्या ते नवऱ्याला वाचून दाखवत. आता वाचून घडी करून ठेवत.

बंगल्यावरची बोलावणी बंद झाली. इंजिनियर साहेबाला गाऱ्हाणं नव्हतं. पण त्याच्या डेमेराराला गुळाची दारू म्हटल्यावर खेळात राम उरला नव्हता. वर्षभरात मोहतमीम साहेबांची बदली बीडला झाली. निघण्याआधी ते दुकानात आले, क्विनाइनच्या गोळ्या घेतल्या आणि गिऱ्हाईक नाही असं बघून म्हणाले, "मार्तंडराव, आता मुकदमा संपला. तुम्ही ओळखलं होतं, बरोबर ना?"

"नाही साहेब. तापात माझा वास गेला. तुमच्या भरवशाला मी लायक नव्हतो."

मोहतमीम साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आपल्यालाही एक मेव्हणा आहे, आणि त्याच्यासाठी आपण एवढं करू शकलो असतो की नाही ते अल्लालाच ठाऊक, असं म्हणून ते टांग्यात बसले.

शरदचंद्रानं भट्टी पंचनामा झाला त्याच महिन्यात मोडली आणि पिंपं फोडून चुलीत घातली. आडत त्याची चांगली चालली. पोलीस ॲक्शनच्या आदल्या उन्हाळ्यात, रझाकारांच्या धास्तीनं लोकांनी लग्नं आवरती घेतली होती, तरी त्यानं थोरल्या मुलीचं लग्न लातूरला थाटानं केलं. मार्तंडरावांना व्याह्यांच्या शेजारी बसवलं, जरीचा फेटा बांधला, आणि हे नसते तर हा मांडव उभा राहिला नसता, असं चार लोकांत सांगितलं. पाहुण्यांतल्या एका म्हाताऱ्यानं खरी हकीकत काय म्हणून कौतुकानं विचारलं. मार्तंडरावांनी तीही सांगितली, नेहमीसारखी, काहीही न लपवता. म्हातारा ऐकता ऐकता मान डोलावत राहिला, आणि शेवटी म्हणाला की मोठ्या माणसांना असंच बोलावं लागतं.

इंदूबाई पलीकडे बायकांच्या पंगतीत वाढत होत्या. तुमच्या मालकांनी भावासाठी केवढं केलं, असं कुणीतरी त्यांना म्हणालं. त्यांनी हो म्हटलं, आणि तूप वाढत पुढच्या पानाकडे गेल्या.